वहिनीच्या माठाची जागा

वहिनी, काल मी तुझा माठ हलवला. आता बोल काय बोलायचं ते.

तुझं तेरावं परवा झालं. पाहुणे गेले, मांडववाला सतरंज्या घेऊन गेला, दादा शेतात पाणी बघायला गेला आणि घरात गजू आणि मी दोघंच उरलो. मग मी पदर खोचला. स्वयंपाकघराच्या दाराशी डाव्या हाताला, जिथं तू तीस वर्षं माठ ठेवलास, तिथून तो तिवईसकट उचलला आणि समोरच्या भिंतीशी नेऊन ठेवला. तू मागून येशील आणि म्हणशील, "वन्सं, ठिवा त्यो खाली," असं सारखं वाटत होतं. पुढं काय झालं ते सांगते, पण शेवटी. तू तरी मला कुठली गोष्ट वेळेवर सांगितलीस?

आपलं दोघींचं कधी गोडीगुलाबीचं नव्हतं. तू एकोणीस वर्षांची या घरात आलीस तेव्हा मी सोळाची होते, नाकाच्या शेंड्यावर राग असलेली नणंद. दोन वर्षांत आई गेली. आमचा धाकटा भाऊ गजू तेव्हा आठ वर्षांचा. अंगानं वाढत होता आणि समजेनं तिथंच थांबला होता. अशा मुलांना कागदावर काय म्हणायचं ते सरकार दर काही वर्षांनी बदलतं. आपल्या घरात तो नुसता गजू राहिला. त्याला तुझ्या ओटीत कुणी घातलं नाही. त्यानंच तुझा पदर धरला आणि तू तो सोडवून घेतला नाहीस. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न करून भिंगारला गेले. तू पुणतांब्यालाच राहिलीस, म्हशी, शेत आणि गजू घेऊन.

मी महिन्या-दोन महिन्यांनी यायचे ती तुला शहाणपण शिकवायलाच. कारण तुझ्या घरात एक वस्तू इकडची तिकडे झालेली तुला खपायची नाही. माठ दाराशी डावीकडे. गजूचा तांब्या कोनाड्यात. त्याचा सदरा दुसऱ्या खुंटीवर. पहिल्या नाही की तिसऱ्या नाही. ताटात कालवणाची वाटी त्याच्या उजव्या हाताशी, आणि ती ठेवताना ताटावर टक्‌ करून वाजवायची. एकदा मी ओट्यावरची खाट सावलीत सरकवली, तर तू पिठाच्या हातांनी बाहेर आलीस आणि ती होती तिथं परत ओढलीस. म्हणालीस, "वन्सं, शिस्त तुमच्या शाळंत लावा. हितं माझी हाय." नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. भिंगारला जाऊन मी ह्यांना सांगितलं, आमच्या वहिनीला वस्तूंचं वेड लागलंय.

आणि तुझ्या बांगड्या. दोन्ही हातांत डझन-डझन काचेच्या. शेण काढताना त्याच, भांडी घासताना त्याच. तू घरात कुठं आहेस ते शेजारच्या आळीला कळायचं. "अगं, या वयात एवढ्या कशाला?" मी म्हणायचे. तू उलट हात हलवून आणखी वाजवायचीस. मला वाटायचं, मला चिडवायला.

तोवर गजू बदलत चालला होता. रोज सकाळी दादाबरोबर नदीवर जायचा, तो जाईनासा झाला. दिवेलागण झाली की खाटेवरून हलायचा नाही. कुणी न बोलता जवळ आलं की दचकून हात उगारायचा. दादा म्हणाला, "वयानं हट्टी झालाय त्यो." मी म्हणाले, "वहिनीनं लाडावून ठेवलाय, दुसरं काय. सगळं हातात मिळतंय, मग कशाला उठतोय." तू तिथंच होतीस. भाकरी थापत राहिलीस, मान वर केली नाहीस. ते वाक्य मला परत घ्यायचंय, वहिनी. तू असतानाच घ्यायला हवं होतं, पण जीभ वळली नाही.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पस्तीस वर्षं दर जून महिन्यात मी वर्गातल्या एकेका पोराला मागच्या भिंतीशी उभं करून विचारलं, फळ्यावरचं दिसतं का? ज्याला दिसायचं नाही त्याला पहिल्या रांगेत बसवलं, त्याच्या आईबापाला बोलावून चष्म्याचं सांगितलं. त्याबद्दल एकदा माझा सत्कारसुद्धा झाला. आणि माझ्या सख्ख्या भावाला मी कधी विचारलं नाही. तो काही फळ्यासमोर बसलेला नव्हता ना.

तीन वर्षांपूर्वी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करायला तुला नगरला नेलं. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, आपल्या तोंडात अजून नगरच. दादा तुझ्यापाशी राहिला आणि मी रजा काढून पुणतांब्याला, गजूपाशी. मला काय, मोकळं रान मिळालं. दोन दिवसांत मी तुझं घर 'नीट' लावलं. मागच्या दारातून माठावर ऊन येतं, पाणी गार राहत नाही, म्हणून तो समोरच्या भिंतीशी नेला. चांगलंच केलं असं वाटून वर चहा प्यायले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गजू पाणी प्यायला आला. दाराशी डावीकडे हात घातला, हाताला काही लागेना. तसाच चाचपडत पुढं सरकला आणि माठावर जाऊन आदळला. माठ फुटला, तिवईचा कोपरा कपाळाला लागला आणि तो त्या पाण्यातच बसला. मी वर्गात ओरडते तशी ओरडले, "एवढा मोठा माठ दिसत नाही का तुला?"

"न्हाई," गजू म्हणाला.

रडला नाही, हट्ट केला नाही. विचारलं म्हणून सांगितलं. मी खापऱ्या उचलायला वाकले होते ती तशीच खाली बसले. मग त्याच्यासमोर हात धरला, बोटं किती विचारलं. त्याला मोजता येत नाही हे लक्षात आलं, तेव्हा माझंच बोट धरून दाखव म्हणाले. तो माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढं करून माझं नाक चाचपत राहिला. त्याच्या कपाळाला हळद लावली, शेजारच्यांच्या ताब्यात म्हशी दिल्या आणि त्याला घेऊन तशीच नगरच्या गाडीत बसले.

दवाखान्यात तू नुकती उठून बसली होतीस. त्याच्या कपाळाकडे बघितलंस आणि पहिलं वाक्य काय म्हणालीस, आठवतं? "माठ हलवला ना?"

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "याला दिसत नाही, हे तुला माहीत होतं?"

तू चादरीची किनार चिमटीत धरलीस. मग म्हणालीस, "कमी दिसतं, येवढं म्हाईत हुतं."

आणि मग ते शिबिराचं निघालं. गजू विशीत असताना गावात डोळ्यांचं शिबिर आलं होतं. तू त्याला नवा सदरा घालून घेऊन गेली होतीस. तपासणाऱ्यानं तक्त्यावर पट्टी ठेवून म्हटलं, हे वाच. गजूला अक्षर कुठं येतं? पट्टी पुन्हा आपटली तसा तो घाबरून टेबलाखाली शिरला. रांगेतली माणसं हसली. तपासणारा तुला म्हणाला, "बाई, याचा नंबर काढून काय करायचंय? हा काय पेपर वाचणार आहे?" तू त्याला टेबलाखालून काढलंस, हाताला धरून घरी आणलंस आणि या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाहीस.

"ज्याला वाचता येत न्हाई त्याचे डोळे तपासताच येत न्हाईत, आसं वाटलं मला," तू म्हणालीस. "मग म्हनलं, ऱ्हाऊ दे. मी हाय ना."

एवढ्या एका समजुतीवर तू तीस वर्षं घर मांडलंस. खुंटी, कोनाडा, वाटी, बांगड्या, सगळं त्याच्यासाठी. आणि इतकं चोख मांडलंस की त्याला दिसत नाही हे कुणालाच दिसलं नाही. मी हे तोंडावर बोलले, तुझे टाकेसुद्धा निघाले नव्हते तेव्हा. वर म्हणाले, "मला विचारायचं होतंस. एवढी शिकलेली नणंद कशाला होती?"

"तुमी तरी कवा इचारलं, वन्सं?"

ते भांडण आपलं मिटलंच नाही. नंतर आपण कितीदा त्याच्या कडेकडेनं गेलो. चूक तुझी जास्त की माझी, हे तूही बोलली नाहीस आणि मीही. आज विचारशील तर माझी. पण तू इथं नाहीस म्हणून सोपं जातंय म्हणायला.

तू हिंडूफिरू लागलीस तसं आपण त्याला नगरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. शिबिरातला तो तपासणारा तुझ्या डोक्यातून गेला नव्हता. पण तिथल्या तपासणाऱ्या ताई निराळ्या निघाल्या. फोनवरच त्यांनी आपल्याला सकाळची पहिली वेळ दिली, गर्दी नको म्हणून. पहिल्या खेपेला त्यांनी गजूच्या डोळ्याला बोटसुद्धा लावलं नाही. खुर्ची फिरवू दिली, बॅटरी त्याच्या हातात देऊन स्वतःच्या डोळ्यात मारून घेतली. मला वाटलं, ही बाई वेळ घालवतेय. तू मात्र हळूहळू पाठ टेकून बसलीस.

मग त्या तुला म्हणाल्या, "काकू, तो तुमच्या बांगड्यांच्या आवाजाकडे बघतोय. थोडा वेळ काढून ठेवाल?"

तू दोन्ही हात पोटाशी घेतलेस. सवाष्ण बाई, भरल्या हातांनी आलेली. बांगड्या काढायच्या म्हणजे काय? ताईंना ते चटकन कळलं. त्यांनी आग्रह केला नाही. मी माझ्या पर्समधले दोन रुमाल काढले आणि तुझ्या दोन्ही हातांना बांगड्यांवरून घट्ट गुंडाळले. ताईंनी खूण केली तशी तू चप्पल काढून, पाय न वाजवता उठलीस आणि समोर खिडकीपाशी उजेडात जाऊन उभी राहिलीस. गजू तुझ्या रिकाम्या खुर्चीकडेच तोंड करून बसला होता. थोड्या वेळानं तो खुर्चीला म्हणाला, "वैनी, घरी चल ना."

तू रुमाल बांधलेला हात तोंडावर दाबलास. कमी दिसतं एवढं तुला माहीत होतं. एवढं कमी, हे तुलाही त्या दिवशीच कळलं. तुझ्यावरचा माझा सगळा राग त्या खोलीत गळून पडला, वहिनी. तेही मी तुला कधी सांगितलं नाही.

पुढचं सगळं मग तूच अंगावर घेतलंस. ताईंनी घरी न्यायला एक कार्ड दिलं, त्यावर घर, सफरचंद, गोल आणि चौकोन. त्या लांबून एक चित्र दाखवणार, गजूनं मांडीवरच्या कार्डावर तसलंच शोधून बोट ठेवायचं. अक्षर यायची गरजच नाही. "येवढं सोपं?" तू म्हणालीस, आणि ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिलीस. काचा नसलेला चष्मा सवयीसाठी दिला, तो तू त्याला आणि त्यानं तुला घालून बघितला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला चित्रांवरून थोडं कळलं, आणि बाकीचं डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून काढलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आणि लहानपणापासूनचा जाड नंबर. पूर्ण भूल देऊन करू म्हणाले, एका वेळी एक डोळा.

ऑपरेशननंतर तो डोळ्यावरची पट्टी ओढून काढील, डोळा चोळील, याची सगळ्यांना धास्ती. तू महिनाभर आधी सुरुवात केलीस. रोज दुपारी त्याच्या एका डोळ्यावर मऊ फडकं बांधायचीस आणि तसलंच स्वतःच्या डोळ्यावर. जो आधी काढेल तो हरला. मी एकदा अवचित आले तर ओट्यावर तुम्ही दोघं एकेका डोळ्यानं शेंगा सोलत बसलेले, आणि दादा कपाळाला हात लावून उभा. "घराची सर्कस केलीया हिनं," तो मला म्हणाला. गजू एकदाही हरला नाही. तूच हरायचीस, मुद्दाम.

दुसऱ्या डोळ्याचंही पार पडलं, चष्मा आला. ताईंनी तो त्याच्या नाकावर बसवला. त्यानं आधी ताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तुझ्या बांगड्यांकडे, आणि तिथून वर वर येत तुझ्या तोंडाकडे. हात लावून तुझे केस बघितले.

"वैनी, तू म्हातारी झाली," तो म्हणाला.

तू हसायला लागलीस ती थांबेचनास. हसता हसता डोळे पुसत होतीस आणि म्हणत होतीस, "व्हय रे बाबा, झाले. तुला सांगायचंच ऱ्हाऊन गेलं." आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. ताईसुद्धा तोंड फिरवून पाणी प्यायल्या.

मग काय, गजूसाहेबांचं राज्य. म्हशीच्या कानातल्या गोचड्या वेचायचा. आढ्याकडं बोट करून "वैनी, जाळं" म्हणायचा आणि तू झाडू घेऊन येईपर्यंत बोट खाली करायचा नाही. "डोळे दिले आन्‌ माझ्यावरच मुकादम बसला," अशी तू माझ्यापाशी कुरकुर केलीस. तुझी ती कुरकुर ऐकून मला भिंगारपर्यंत हसू येत राहिलं. दादाबरोबर तो पुन्हा नदीवर जाऊ लागला. दचकणं तर कधी गेलं, कळलंही नाही.

पण तू माठ काही हलवला नाहीस. नवा आणलास तोही दाराशी डावीकडेच. मी म्हणाले, "आता तर हलव बाई, पाणी तापतंय." तू म्हणालीस, "मी हाय तवर न्हाई. मी गेल्यावर हलवा, वन्सं." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी म्हणाले. तुझ्या मनातलं मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. तुला अजून भरवसा नव्हता. चष्मा फुटला तर? नंबर वाढला तर? माझ्यामागं याचं कसं, हा एकच प्रश्न तुझ्या त्या मांडामांडीखाली होता.

त्याचं उत्तर तुला मिळालं. म्हणून मी तुझ्यासाठी रडत बसलेली नाही, वहिनी.

त्या दिवशी तू गोठ्यापाशी वैरण टाकत होतीस. गजू ओट्यावर. तू खाली कोसळलीस तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, गवतात पडलीस. हाक नाही, बांगड्या नाहीत. आधीचा गजू असता तर ओट्यावर तुझी वाट बघत बसला असता. त्यानं बघितलं. अख्ख्या अंगणापलीकडून बघितलं आणि धावला. शेजारची सांगत होती, गजूला धावताना मी बापजन्मात पहिल्यांदा बघितलं. तुझं डोकं मांडीवर घेऊन त्यानं जी आरोळी ठोकली ती दादाला मळ्यात ऐकू आली.

दवाखान्यात संध्याकाळी तू शुद्धीवर होतीस. मी पोचले तेव्हा श्वास जड चालला होता, तरी माझा हात ओढून तू हेच सांगितलंस. "वन्सं, त्यानं लांबून बगितलं मला. पळत आला. पळत." मग डोळे मिटून म्हणालीस, "आता चालंल." दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. मला तुझी माफी मागायची होती आणि मी काय बोलले, तर "जास्त बोलू नको, दम लागेल." मास्तरीणच शेवटपर्यंत.

तुला हिरवा चुडा भरला, ओटी भरली. गजू शेजारी उभा होता. बांगड्यांकडे नाही, तुझ्या तोंडाकडे बघत होता.

भिंतीवर लावायला दादानं तुझा जुना फोटो मोठा करून आणला, नथ घातलेला, काळ्याभोर केसांचा. गजूनं तो हातात घेतला, चष्मा कपाळावर करून एकदा आणि नाकावर घेऊन एकदा बघितला आणि परत दिला. "ही जुनी," म्हणाला. "आपली म्हातारी वैनी लाव." शेवटी मोबाईलमधला तो काढला, शेंगा सोलतानाचा, तुझ्या एका डोळ्यावर फडकं आहे तो. पाहुण्यांना चमत्कारिक वाटलं. वाटू दे.

तर माठ. काल हलवला आणि मी चुलीपाशी पाठ करून उभी राहिले, भाजी चिरत असल्यासारखी. गजू आला. दारात थांबला. डावीकडे हात गेलाच नाही. त्यानं रिकाम्या जागेकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे. सरळ चालत गेला, पेला भरला, पाणी प्याला, एक थेंब सांडला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली. मनात म्हणाले, बघ वहिनी, आता तरी सुटलीस.

त्यानं पेला उपडा घातला. मग माठ दोन्ही हातांनी कवेत घेतला, सावकाश चालत आला आणि दाराशी डावीकडे ठेवला. तिवई राहिली होती, ती जाऊन आणली, माठ परत उचलून तिच्यावर बसवला. झाकण सारखं केलं.

"हलवू नको," मला म्हणाला. "वैनीचा हाय."

बरं म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार? पाणी थोडं कोमटच लागतं, पण पितोय आम्ही.